सतरा नंबरची ट्यूब

आमच्या मोठ्या जाऊबाई कामावर निघाल्या की त्यांना तीनदा निरोप द्यावा लागतो. पहिल्यांदा त्या खरंच निघतात. मग अर्ध्या जिन्यातून परत येऊन गॅसचं बटण बघतात. तिसऱ्यांदा रस्त्यापर्यंत जाऊन फिरतात, कारण गॅस बघायच्या नादात कुलूप नीट लावलं की नाही तेच आठवत नसतं. आमच्या दोघींची दारं एकाच मजल्यावर समोरासमोर आहेत, त्यामुळे वीस वर्षं मी हे रोज बघते आहे. मी त्यांना वहिनी म्हणते. भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, लिफ्ट बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतात. ते म्हणतात की इमारतीत आधी हिच्यासाठी लिफ्ट बसवायला हवी होती, जिना झिजायचा वाचला असता.

वहिनी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत. खिडकीशी बसून वॉर्डातून आणि बाहेरून आलेल्या रक्ताच्या ट्यूब घ्यायच्या, प्रत्येकीवर नंबराचं लेबल लावायचं, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, आणि मशीनमधून निघालेले आकडे त्या त्या माणसाच्या रिपोर्टवर उतरवायचे, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एकही ट्यूब इकडची तिकडे झाली नव्हती. घरी आम्ही ज्याला भित्रेपणा म्हणायचो त्याला तिथे शिस्त म्हणत.

एकच गोष्ट त्यांना जमत नसे, ती म्हणजे सुई. दिवसभर रक्ताच्या ट्यूब हाताळतील, पण सुई कातडीत शिरताना बघितली की हातपाय गार. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी लॅबच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून नवीन मशीनची बातमी सांगितली तेव्हा वहिनी धास्तावल्या. नवीन मशीन आकडे कागदावर काढणार नव्हतं, कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये टाकणार होतं. खिडकीवरच्या चौघींपैकी ज्यांना कॉम्प्युटरचं काम जमेल त्या दोघी राहतील, बाकीच्या दोघी वॉर्डात रक्त काढायला जातील, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. त्यांनी काही दरडावलं नव्हतं, उलट शिकायला सहा महिने दिले होते. पण वहिनींना सहा महिने दिसलेच नाहीत, फक्त सुई दिसली.

सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत संध्याकाळी प्रोग्रामिंगचा वर्ग चालायचा. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास. वहिनींनी नाव घातलं ते मला सांगितलं, भावजींना आठवडाभर सांगितलं नाही. नाही जमलं तर निदान एका घरात तरी लाज झाकलेली राहील, असा हिशेब. वर्गात अकरा जण, त्यांत दहा विशीतले. शिकवणारी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, तिला सगळे मॅडम म्हणायचे. मॅडम सगळ्यांना अरे-तुरे करायची, फक्त वहिनींना काकू म्हणायची. वहिनी तिला मॅडमच म्हणायच्या, आणि ती आत आली की बाकावरून अर्धवट उठायच्या. शेवटी मॅडमने हात जोडून सांगितलं की काकू, तुम्ही उठलात की मला माझ्या आईची भीती वाटते.

पहिल्या दिवशी मॅडमने व्हेरिएबल म्हणजे काय ते सांगितलं. नाव लिहिलेला डबा समजा, आत काहीतरी ठेवलंय, नावाने हाक मारली की आतलं मिळतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. वहिनींनी हात वर केला आणि विचारलं की एकाच डब्याला दोन लेबलं लागली आणि कुणी एका नावाने आतलं बदललं, तर दुसऱ्या नावाने हाक मारणाऱ्याला काय मिळेल? मॅडम म्हणाली, हे आपण पाचव्या आठवड्यात घेणार आहोत काकू, पहिल्या दिवशी हे अजून कुणी विचारलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर घरी फुगून आली असती. वहिनी माझ्याकडे आल्या त्या पांढऱ्या पडून. म्हणाल्या, "म्हणजे असं होऊ शकतं."

मग मोजणी शून्यापासून सुरू होते ते आलं. यादीतला पहिला माणूस शून्य नंबरचा, दुसरा एक नंबरचा. मॅडमने मुलांना भिंतीला लागून रांगेत उभं केलं आणि विचारलं, भिंतीपासून निघून पहिल्यापर्यंत पोचायला किती माणसं ओलांडायची? एकही नाही, म्हणून शून्य. वहिनींना ते पटलं, पण पचलं नाही. घरी येऊन त्यांनी माझ्या ओट्यावर सहा कप ओळीत मांडले आणि माझ्याकडून पुन्हा पुन्हा मोजून घेतले. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, माझ्याकडे शून्य नंबर म्हणजे डोळे चांगले. मी तसं म्हटलं तर त्या हसल्यासुद्धा नाहीत. एकाने चुकलं की पुढचे सगळे चुकतात, असं म्हणत कप परत मोजायला लागल्या.

सगळ्यात जास्त त्रास लाल अक्षरांचा व्हायचा. प्रोग्राम लिहिला, चालवला आणि कुठे कंस राहिला की स्क्रीनवर लाल ओळी यायच्या. वीस वर्षांचं पोरगं ती लाल ओळ बघून "च्" करतं आणि पुढे जातं. वहिनींच्या कानशिलांना घाम यायचा, त्या आजूबाजूला बघायच्या, कुणी बघितलं तर नाही ना. जणू भर वर्गात कुणी त्यांना उभं करून झापलं होतं. मॅडमच्या ते लक्षात आलं. एक दिवस शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काकू, लाल अक्षरांना घाबरू नका. जो प्रोग्राम चुकतो आणि ओरडतो तो बरा. चुकून गप्प बसतो ना, त्याला घाबरा."

वहिनींनी हे वाक्य वहीत लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. ती वही मी पाहिली आहे.

चार महिन्यांत वहिनी शिकल्या. दुसऱ्या गावात शिकणारी वहिनींची मुलगी, माझी पुतणी, सुट्टीत आली तेव्हा आपला जुना लॅपटॉप त्यांना देऊन गेली, त्यावर पहाटे स्वयंपाकाआधी अर्धा तास बसायच्या. अटी कशा लिहायच्या, एकच काम पुन्हा पुन्हा कसं करवून घ्यायचं, फाइल कशी उघडायची, सगळं वहीत उतरवत गेल्या. नवीन मशीन आलं तेव्हा त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून एक लहानसा प्रोग्राम लिहायला घेतला. काम साधं. सकाळी केलेली नावांची यादी एका बाजूला, मशीनने दिलेली आकड्यांची फाइल दुसऱ्या बाजूला. यादीतलं पहिलं नाव घ्यायचं, फाइलमधली पहिली ओळ घ्यायची, दोन्ही मिळून रिपोर्ट छापायचा. मग दुसरं नाव, दुसरी ओळ. असं शेवटपर्यंत.

खिडकीवर पटपट म्हणून दुसरी एक बाई आहे. तिच्या तोंडी सारखं "चला पटपट", म्हणून सगळे तिला तेच म्हणतात, तीही ओ देते. आधी यादी वहिनीच करायच्या. एक महिना त्यांनी प्रोग्राम आणि हात दोन्ही बरोबरीने चालवले. प्रोग्रामचे रिपोर्ट एका गठ्ठ्यात, हाताचे दुसऱ्यात, मग एकेक ताडून बघायचे. महिनाभर एक आकडा चुकला नाही. डॉक्टर खूश झाले. सोमवारपासून हाताने उतरवणं बंद, म्हणाले, दोनदा काम करायला माणसं आहेत कुठे. यादी पटपट करेल, तुम्ही प्रोग्राम बघा. वहिनी राहणार, पटपट राहणार, बाकी दोघी वॉर्डात, हेही त्याच दिवशी ठरलं.

वहिनींना आनंद व्हायला हवा होता. मला त्यांनी नंतर सांगितलं, त्या रविवारी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण काय ते सांगता येईना. आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. त्यांना कायमच काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

सोमवार, मंगळवार नीट गेले. बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमारास वहिनी माझ्याकडे भाजी निवडायला बसल्या होत्या. दिवसभराचं सांगत होत्या. बासष्ट ट्यूब आल्या, मशीन एकदाही अडलं नाही, पटपट आज वेळेत घरी गेली. "एक तेवढी सतरा नंबरची ट्यूब गोठली होती, मशीनला लावलीच नाही, उद्या परत रक्त मागवलंय, म्हणजे मशीनमध्ये एकसष्टच..."

आणि त्या थांबल्या. हातातली शेंग तशीच हातात. 

"यादीत बासष्ट होते," त्या म्हणाल्या.

माझी ट्यूब उशिरा पेटते. मला काहीच कळलं नाही. त्यांनी ताटातल्या शेंगा ओळीत मांडल्या, वर दुसरी ओळ मांडली, आणि वरच्या ओळीतली मधली एक काढून घेतली. मग पुढच्या सगळ्या एकेक घर मागे सरकवल्या. तेव्हा कळलं. सतराव्या माणसाची ओळ फाइलमध्ये नव्हतीच, म्हणून त्याला अठराव्याचे आकडे मिळाले. अठराव्याला एकोणिसाव्याचे. तिथून पुढे प्रत्येकाच्या नावावर त्याच्या मागच्याचं रक्त.

महिनाभर हे झालं कसं नाही? कारण महिनाभर यादी वहिनी स्वतः करत होत्या, आणि गोठलेल्या ट्यूबचं नाव त्या मशीन सुरू करायच्या आधीच यादीतून काढत. एकोणीस वर्षांची सवय, ती करताना आपण काही करतोय हे त्यांनाही जाणवत नव्हतं. पटपटला ते कुणी सांगितलं नव्हतं. प्रोग्रामलाही नाही.

पण खरं खुपलं ते वेगळंच. यादीत नावं जास्त आणि फाइलमध्ये ओळी कमी असतील, तर शेवटच्या नावाला ओळच मिळत नाही आणि प्रोग्राम लाल अक्षरांत ओरडून थांबतो. थांबायलाच हवा होता. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मशीनची फाइल अर्धवटच आली तेव्हा तसा थांबलाही होता, डॉक्टर मागे उभे असताना. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, की ओळ मिळाली नाही तर जागा कोरी सोड आणि पुढे जा. लाल अक्षरं परत दिसली नाहीत. बुधवारी शेवटच्या माणसाचा रिपोर्ट कोरा छापला गेला होता, आणि पटपटने तो मशीनचं काम राहिलं असेल म्हणून बाजूला ठेवला होता.

हे सगळं त्यांनी मला रस्त्यात सांगितलं, कारण तोवर आम्ही निघालो होतो. चप्पल घालून सरळ जिना उतरल्या. गॅसचं बटण बघायला परत आल्या नाहीत, तेव्हा मी घाबरले आणि त्यांच्यामागे धावले. त्या चालता चालता डॉक्टरांना फोन लावत होत्या, डॉक्टर उचलत नव्हते. बाहेरून आलेल्या लोकांचे रिपोर्ट उद्या सकाळी दहाला मिळणार होते, ते लॅबमध्येच होते. पण वॉर्डातले रिपोर्ट पाचलाच वर जातात. किती वर गेले असतील हे त्या मोजत होत्या. दहा, अकरा. बारा असतील का? हॉस्पिटल आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, आम्ही नऊ-दहा मिनिटांत पोचलो असू, पण मला तो रस्ता संपत नव्हता. मध्ये एकदा वहिनी थांबल्या, खांबाला हात टेकला.  म्हणाल्या, कदाचित मला चुकीचं आठवत असेल. कदाचित पटपटने नाव काढलं असेल. आपण उगीच बोंब मारली तर?

 त्या स्वतःच पुढे निघाल्या.

लॅबमध्ये ट्रेमध्ये गठ्ठा होता. संध्याकाळच्या पाळीचा तंत्रज्ञ, एक शांत गृहस्थ, जागेवर होता. वहिनींनी सतरा नंबरचा रिपोर्ट शोधला. जी ट्यूब मशीनला लागलीच नाही तिचा नीटनेटका छापलेला रिपोर्ट तिथे होता, आकड्यांसकट. शंकेला जागाच उरली नाही. त्यांनी तंत्रज्ञाला दोन वाक्यांत सांगितलं, त्याने कपाळाला हात लावला आणि मशीनची मूळ फाइल उघडली. वर गेलेले अकरा निघाले.

जिने चढून आम्ही वॉर्डात गेलो. सिस्टर टेबलाशी बसून काही लिहीत होत्या, त्यांनी मान वर न करता भेटायची वेळ संपली म्हणून सांगितलं. वहिनींनी टेबलाची कड धरली. शब्द स्पष्ट होते.

"मी खाली लॅबमध्ये असते. आजचे रक्ताचे रिपोर्ट चुकीचे आहेत. माझ्या प्रोग्रामची चूक आहे. सतरा नंबरपासून पुढचा प्रत्येक रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा आहे. एकावरही विसंबू नका."

सिस्टरनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग समोरच्या कागदाकडे, आणि फोन उचलला. रक्तपेढीला लावला होता. दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन सहा आलं होतं आणि त्यांना रक्त चढवायचं ठरलं होतं. पिशवी मागवली होती, अजून वर आली नव्हती. ते सहा त्यांचं नव्हतं. ते खिडकीजवळच्या बाईचं होतं, आणि तिच्या रिपोर्टात साडेबारा छापलं होतं. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरत होती. सकाळी घरी सोडणार म्हणून तिला सांगितलं होतं. ओठ अगदी फिके. वहिनी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, ती ओळख नसताना त्यांच्याकडे बघून हसली.

दुसऱ्या वॉर्डातही गेलो. तिथे नुकसान होण्यासारखं काही नव्हतं. साडेआठच्या आत वहिनी आणि तंत्रज्ञाने मूळ फाइलवरून, नंबर ताडून, पंचेचाळीस रिपोर्ट हाताने लिहिले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दाराच्या काचेतून दिसत होतं. एक वाचत होता, एक लिहीत होती, मग उलट. सतराव्याचा रिपोर्ट वहिनींनी फाडला नाही, त्यावर आडवी रेघ मारून खाली सही केली. डॉक्टर तेवढ्यात आले. ते प्रवासात होते, फोन पिशवीत होता. त्यांनी उभ्याउभ्या सगळं ऐकून घेतलं. वहिनींना ते रागावले नाहीत, आणि त्याचंच वहिनींना जास्त लागलं. घरी जा, उद्या बोलू, एवढंच म्हणाले.

उद्या बोलणं झालं ते लेखी झालं. डॉक्टरांनी हॉस्पिटलला कळवताना लिहिलं की पडताळणी बंद करायचा निर्णय माझा होता. वहिनींनी आपल्या जबाबात त्या एका ओळीबद्दल लिहिलं, लाल अक्षरं गप्प करणाऱ्या. ते कुणी विचारलं नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. भावजी म्हणाले, हे लिहायची गरज होती का. त्या म्हणाल्या, "तीच तर चूक आहे, बाकी नुसता परिणाम." प्रोग्राम बंद झाला. हाताने उतरवणं परत सुरू झालं. वॉर्डात गेलेल्या दोघींपैकी एक खिडकीवर परत आली. वहिनींना कुणी वॉर्डात पाठवलं नाही, पण पाठवणार, उद्या पाठवणार, परवा नक्की पाठवणार, असं त्या रोज धरून चालत.

वर्गाला जाणं बंद झालं. लॅपटॉप कपाटात, वरच्या फळीवर, घडी केलेल्या चादरीखाली गेला. त्या तीन आठवड्यांत त्यांची तब्येत बघवत नव्हती. मध्येच बोलता बोलता गप्प व्हायच्या, आणि मला कळायचं की त्या खिडकीजवळच्या बाईकडे गेल्यात. सकाळी घरी गेली असती तर? जिना चढताना पडली असती तर? पुढे त्याला अंत नाही. त्या बाईला रक्त चढलं, ती बरी होऊन गेली, हे त्यांना माहीत होतं. त्याचा उपयोग नव्हता. मी समजूत घालायची, झालं गेलं विसरा, तुमच्यामुळेच तर वाचली. त्या मान हलवायच्या. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावं, यांनी ताक प्यायचंच सोडलं होतं.

भावजी बोलके नाहीत. एका रविवारी सकाळी आम्ही चहाला एकत्र होतो. वहिनी म्हणाल्या की माझ्यासारख्या घाबरट माणसाने या भानगडीत पडायलाच नको होतं, ते धीट लोकांचं काम. भावजींनी कप खाली ठेवला. नवी लिफ्ट बसवली की आम्ही आधी माणसं बसवत नाही, म्हणाले. वजनं भरतो. जेवढं पेलायला हवं त्याहून जास्त भरतो. मग दोर तुटला असं समजून ती सोडतो आणि ब्रेक पकडतो का बघतो. दार उघडं ठेवून चालते का बघतो, चालली तर लिफ्ट नापास. हे धीट माणसाला सुचत नाही.

"तू घाबरू नकोस असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "कशाकशाला घाबरतेस ते लिहून काढ."

 दुपारी मी वाटी परत द्यायला गेले तर त्या वही घेऊन बसल्या होत्या. ट्यूब गोठली तर. एकाच नावाची दोन माणसं आली तर. एकाच नंबराची दोन लेबलं लागली तर. मशीनची फाइल रिकामी असली तर. आजच्या ऐवजी कालची फाइल उघडली गेली तर. यादीत नाव आहे पण ट्यूब आली नाही. ट्यूब आहे पण यादीत नाव नाही. आकड्याच्या जागी अक्षर आलं तर. संध्याकाळपर्यंत असे सव्वीस ‘तर’ झाले होते. मी जन्मात कुणाला घाबरताना एवढं मन लावून बसलेलं पाहिलं नव्हतं.

ती वही घेऊन त्या वर्गात परत गेल्या. मॅडमला सगळं सांगितलं. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या, बाकीचे घरी गेले तरी बसून होत्या. मॅडमने प्रोग्राम वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ओरडली नाही. म्हणाली की पहिल्या नोकरीत मीही अशीच एक ओळ घातली होती, पण माझ्या प्रोग्रामपाशी माणसांचं रक्त नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. मग तिने शिकवलं, की रांगेतल्या जागेवरून जोडी लावू नका, नंबरावरून लावा. मशीन प्रत्येक ओळीत ट्यूबचा नंबर देतंच. तो नंबर ही किल्ली. किल्ली जुळली तरच कुलूप उघडायचं, नाही जुळली तर तिथेच थांबून ओरडायचं. वहिनींनी तो नंबर पहिल्या वेळी फाइलमधून काढूनच टाकला होता, ओळीनेच तर येतात म्हणून.

नवीन प्रोग्राम लिहायला दोन महिने लागले. त्याहून जास्त वेळ त्याला खोटे पेशंट पुरवण्यात गेला. ते काम आम्ही घरातल्या सगळ्यांनी केलं. मी एका नावाची जुळी भावंडं दिली. पुतणीने फोनवरून एक असा माणूस दिला ज्याचं नाव इतकं लांब होतं की रिपोर्टावर मावेना. भावजींनी विचार करून एक पेशंट दिला ज्याला नावच नव्हतं, फक्त नंबर. तो खरा उपयोगी निघाला, प्रोग्राम त्याच्यावर आपटला. वहिनी प्रत्येक वेळी वहीत खूण करायच्या. लाल अक्षरं आली की अजूनही त्यांच्या कानशिलांना घाम यायचा, पण आता त्या आधी अक्षरं वाचायच्या, मग घाम पुसायच्या.

डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं नाही. चार महिने दोन्ही बरोबर चालवा, आणि यादी वेगवेगळ्या माणसांनी करायची, तुम्ही नाही, असं सांगितलं. प्रोग्राम त्या चार महिन्यांत एकोणीस वेळा थांबला. पटपट वैतागली. म्हणाली, तुमचं हे लेकरू तुमच्यावरच गेलंय, दर दोन पावलांवर मागे वळून बघतं. पण एकोणिसांतल्या तीन वेळा खरंच काही चुकलेलं होतं. एकदा तर दोन ट्यूबवर एकच नंबर लागला होता, आणि ते लेबल वहिनींनी स्वतः लावलं होतं. एकोणीस वर्षांतली पहिली चूक. त्या दिवशी त्यांना रडू आलं, पण पटपटने पाणी दिलं आणि म्हणाली, सापडली ना, मग झालं, चला.

पुढच्या वर्षी हॉस्पिटलने बाहेरच्या लोकांकडून सगळ्या विभागांसाठी मोठी व्यवस्था आणली. वहिनींचा प्रोग्राम बंद झाला. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, जिवावरचं ओझं उतरलं बाई. दोन दिवस खरंच हलक्या होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांना नव्या व्यवस्थेची काळजी लागली. त्यांनी डॉक्टरांना विचारून आपली यादी, ती तोवर त्रेसष्टपर्यंत गेली होती, त्या लोकांना दाखवली. त्यांचा प्रमुख आधी तोंडदेखलं हसला. मग त्याने ती चालवून बघितली, आणि तीन ठिकाणी त्यांची व्यवस्था गप्प बसून चुकली. चौथ्या दिवशी त्याने डॉक्टरांना विचारलं की या बाई आठवड्यातून दोन दिवस आम्हाला तपासणीसाठी मिळतील का.

तर आता वहिनी तीन दिवस खिडकीवर आणि दोन दिवस मागच्या खोलीत त्या लोकांबरोबर असतात. धीट झाल्यात असं मी म्हणणार नाही. नव्या व्यवस्थेतल्या त्या तीन चुकांपैकी दोन दुरुस्त झाल्या. तिसरी अजून व्हायची आहे. दर सोमवारी अकरा वाजता वहिनी त्या प्रमुखाला फोन करतात, आणि तो काय म्हणाला ते तारखेसकट लिहून ठेवतात.